बाळ्या, मी पण सभासद झालो

प्रिय बाळ्या,

सात महिने झाले, तुझ्या मेसेजला नुसते अंगठे दाखवतोय. शिव्या घालून घे मर्दा, मग पुढं वाच. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू झालीय, बास.

तर मी शेअर घेतला. कारखान्याचा न्हवं, स्टेडियमचा! इथं हँबुर्गात सांक्ट पाउली फुटबॉल क्लब आहे, तो कवटीच्या झेंड्याचा, तुला मफलर पाठवलेला (जो तू गोठ्यात टांगलास, काकूंनी सांगितलंय). त्यांनी 2024 मध्ये चक्क सहकारी संस्था काढली, क्लबच्या स्टेडियममधला मोठा वाटा पब्लिकनंच विकत घ्यायचा म्हणून. एक शेअर 850 युरोला, त्यातले 100 फीचे. 21 हजारांवर लोक सभासद झाले अन् 29 मिलियनच्या आसपास जमले. शेअर एक असो नाहीतर पन्नास, मत एकच. हे वाचलं अन् डोळ्यासमोर आबा आले, टोपी घालून, ट्रंकेतनं कारखान्याचं पिवळं पडलेलं सर्टिफिकेट काढणारे. किती हसायचो रे आपण, सभेत विषय नंबर वाचला की पुढची लाईन 'मंजूऽऽर' ओरडायची अन् चहा यायच्या आत सगळं उरकायचं.

आता सभेची नोटीस मला आलीय. सोबत ताळेबंद, सगळं जर्मन, मी दोन पानं वाचून झोपलो. म्हणजे मी पण मंजूरवालाच की!

आणि मध्यरात्री जाग आली, परत झोप लागेना, तेव्हा आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमची ती मीटिंग आठवली. तू उठून विचारलंस, बाहेरच्या प्लेयरचे पैसे कुणी दिले, पावती दाखवा. मी शेजारी बसून तुझा शर्ट खाली ओढला, बटन तुटलं. वर तुलाच म्हणालो, टीम जिंकतीय ना, मग तुला काय करायचंय. पुढं अख्खा सीझन तू शाहू स्टेडियममध्ये पलीकडच्या गॅलरीत बसलास. (तरी पेनल्टीला इकडंच बघायचास, मला दिसायचं.)

इथं गेल्या वर्षी क्लबच्या सभेला गेलेलो. एक म्हातारी माईकवर जाऊन बिअरच्या ग्लासचं डिपॉझिट यावर पाच मिनिटं बोलली, एकानंपण 'बसा खाली' म्हटलं नाही, मलाच कसंतरी झालं. इथले लोक साधे नाहीत बरं का. 2023 च्या डिसेंबरात जर्मन फुटबॉल लीगनं गुंतवणूकदार आणायचा ठराव केला, 36 क्लबांपैकी 24 मतं, दोन तृतीयांश लागायची, म्हणजे काठावर पास, ते पण गुप्त मतदान. हॅनोवरच्या माणसाला त्याच्या क्लबनं 'नाही म्हण' सांगितलेलं, त्यानं चिठ्ठीत काय लिहिलं यावर भांडण पेटलं, आपल्या मार्केट कमिटीसारखं अगदी. मग कितीतरी मॅचला निषेध म्हणून पब्लिककडनं मैदानात टेनिस बॉलचा पाऊस, प्लेयर गोळा करतायत अन् वरनं पडतायत. फेब्रुवारीत लीगनं तो सौदाच सोडला. तेव्हा कळलं, तू एकटाच होतास म्हणून वेडा ठरलास, आणि त्यात माझा हात होता.

मला एकच विचारायचंय तिथं. टीम खालच्या डिव्हिजनला गेली तर क्लबला स्टेडियमचं भाडं झेपणार का? साधा प्रश्न, पण जर्मनमध्ये उभं राहून म्हणायचा म्हटलं की पाय लटपटतात. व्याकरण चुकलं तर हसतील, आणि बरोबर आलं तर उलट प्रश्न विचारतील, मग काय करू? तू तेव्हा कसा उठलास रे? आधी पाठ केलेलं का तोंडात आलं तसं?

तुझं दुकान कसं चाललंय? पोरीची बारावी झाली ना, काय करायचं म्हणतीय? आबांच्या गुडघ्याचं काय ते कळव.

सभा शुक्रवारी आहे, त्याच्या आधी फोन कर. फक्त हिच्यासमोर 850 चा आकडा काढू नको, तिला वाटतंय मी अजून एक मफलर घेतला.

तुझाच,
पप्या