दांडिया बाजारच्या घरातलं मला काय हवं

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमची यादी मिळाली. फुलस्केपचे चार कागद, मधोमध उभी रेघ, डावीकडे वस्तू आणि उजवीकडे 'कोणाला' हा रकाना आमच्यासाठी मोकळा. दिवाळीनंतर हे घर सोडून बडोद्यातच मांजलपूरच्या दोन खोल्यांत जायचं म्हणजे चार पिढ्यांचं सामान मावणार नाही, हे मला कळतं. तरी तो मोकळा रकाना बघून डोळ्यांत पाणी आलं.

यादीत पहिल्या क्रमांकावर चांदीचं ताट आहे, दुसऱ्यावर शालू, तिसऱ्यावर समया. पणजीची वही मात्र कुठेच नाही. रद्दीत तर गेली नाही ना, या धास्तीने रात्री साडेदहाला आईला फोन केला होता. आई, तू म्हणालीस, "अगं, फडताळात आहे, मसाल्याच्या डब्यांमागे." तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मला ती वही हवी. सगळ्यात आधी ती.

परवा आले होते तेव्हा ती खूप वेळ मांडीवर घेऊन बसले होते. शाई तपकिरी झाली आहे, कडा तुपाने पारदर्शक झाल्या आहेत. मापं शेर, पाव, अदपाव, छटाकमध्ये. पहिल्या पानांवर अक्षर शाळेतल्या मुलीचं, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ. पुढे पुढे ते धावरं होत जातं. एका पानावर 'हुरडा' लिहिलंय आणि त्याच्याच वर बारीक अक्षरात 'पोंक'. पुढे कुठे तुरीचे ओले दाणे आले की सरळ 'लीलवा'. समोरच्या मासींकडून शिकलेले पदार्थ त्यांच्याच शब्दांत उतरवलेत, अक्षर मराठी आणि बोली गुजराती.

पणजीला लिहिता येत होतं हीच तिच्या पिढीत मोठी गोष्ट होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीकडे केला आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. पणजी तेव्हा सहा-सात वर्षांची. मुलीला शाळेत घातलं नाही तर दंड भरावा लागेल म्हणून तिच्या वडिलांनी तिला कुरकुरत पाठवलं, हे बाबा, तुम्हीच मला सांगितलंत. चांदीचं ताट कुठल्याही सुखवस्तू घरात सापडेल. ही वही बडोद्यातच लिहिली जाऊ शकत होती, आणि आपल्याच घरात.

त्या वहीत पुरणाचं पान आहे. तीन वाट्या हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी तुरीची. आई, तू अजून तसंच शिजवतेस. आपल्याकडे मराठी घरांत पुरण हरभऱ्याच्या डाळीचं, गुजराती घरांत तुरीचं. आणि आपल्या घरात तीनास एक. कोणी कधी ठरवून केलं नसेल. एखाद्या सणाला डाळ कमी पडली असेल आणि शेजारून वाटीभर आली असेल. पण मला विचाराल तर आपलं सगळं घराणं त्या प्रमाणात आहे.

हे आज तुम्हाला सांगते, इतकी वर्षं सांगितलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला मी इथे तसंच पुरण केलं. सासूबाईंनी अगदी मायेनं विचारलं, "ही चव कुठली गं?" मला उत्तर देता आलं नाही. आपण काहीतरी चुकीचं केलं असं वाटलं. पुढच्या वर्षापासून नुसती हरभऱ्याची डाळ घातली, आणि सोळा वर्षं तशीच घालते आहे. मागच्या महिन्यात लेकीने विचारलं, "आई, तुम्ही बडोद्याचे म्हणजे मराठी की गुजराती?" तेव्हा तिच्यासमोर ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. नथ, समई, पैठणी आहे, पण ती तिच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या घरी आहे. आपण मराठी आहोत एवढंच त्या वस्तू सांगतील. आपण बडोद्याचे मराठी आहोत हे सांगणाऱ्या वस्तू थोड्या आहेत आणि त्या तुमच्या यादीत तळाशी आहेत, नाहीतर नाहीतच. म्हणून हे पत्र एवढं लांबतंय.

शालू मला देऊ नका, वहिनीला द्या. आजीची पैठणी तुम्ही मला दिली होती, तिचं काय झालं ते कबूल करायचंच आहे. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्या घालून, एकाच घडीवर कपाटात ठेवली. भाच्याच्या मुंजीला काढली तर जर काळी पडलेली आणि घडीघडीवर रेशीम चिरलेलं. पदरावरचा मोर मानेपाशी दुभंगला होता. जुनी जर चांदीच्या तारेची असते, तिला कोंडलेली दमट हवा सोसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वहिनीला सांगा, जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळायचा, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची, डांबरगोळी कापडाला लागू द्यायची नाही. आजी दर दसऱ्याला सगळी लुगडी उलगडून सावलीत पसरायची. त्यात केवढा शहाणपणा होता!

दुसरी वस्तू, संखेड्याचं घोडियं. पुण्यात कुणाला 'घोडियं' म्हटलं तर कळत नाही, पाळणा म्हणावं लागतं. पण ते घोडियंच आहे. खरादावर फिरवलेलं सागवान, वर मरून रंग आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी. ते सोनं नाही, कथलाच्या वर्खावर लाख चढली की तसा रंग दिसतो, हे आजोबांनी मला बोटाने दाखवलं होतं. आपल्या घरातलं प्रत्येक मूल त्याच झोळीत झोपलं, आणि बारशाला त्याच गुजराती घोडियाखालून बायकांनी 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हटलं. डाव्या खांबाच्या गोळ्यावर दादाच्या दुधाच्या दातांचे चार व्रण आहेत, अजून स्पष्ट लागतात हाताला. ते सुटं होतं, मी गाडीत नेईन. तोवर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत हलवू नका. उन्हाने लाख मऊ पडते आणि वर्ख उठतो.

आता देवघरातले टाक. दादाचा फोन आला होता, थोरला म्हणून टाक मी टोरांटोला नेतो म्हणाला. मान त्याचाच आहे. पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि आपले टाक तर पणजोबांच्याही आधीचे. त्याला विमानतळावर देवांसकट अडवलेलं मला बघायचं नाही. भाऊ वेगळे झाले की नवे टाक घडवून जुन्यांच्या भेटीला ठेवायचे, ही आपल्याकडची रीत आहेच. दादा नाताळात आला की तसेच सोनाराकडून घडवून घेऊ. जुने तुमच्याजवळच राहू देत, तुम्ही आहात तोवर त्यांची जागा बदलायची नाही. आई, ते घासायला आता चिंचसुद्धा लावू नकोस. खंडोबाचा चेहरा इतका झिजलाय की घोडा दिसतो आणि स्वार नुसता हाताला लागतो. एवढ्या बोटांनी त्याला आंघोळ घातली आहे. आहे तसाच राहू दे.

चंपाषष्ठी यंदा नव्या घरात. बाबा, तळी उचलताना तुम्ही जे म्हणता ते सगळं मला येत नाही. 'येळकोट येळकोट जय मल्हार' येतं, त्याआधीचं तुम्ही पुटपुटता ते येत नाही, आणि दादालाही येत नसणार. ताम्हणात काय कुठे ठेवायचं, भंडारा आधी कुणाला, हे तुमच्या आवाजात मोबाइलवर भरून घेणार आहे. त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की वाटी घेऊन समोरच्या मासींकडे जायचं आणि त्यांनी भरिताला आपला शब्द लावून 'ओळो आव्यो' म्हणून हसायचं. मांजलपूरला वाटी कुणाकडे न्यायची ते आई शोधेलच.

मोडीतल्या कागदांची पत्र्याची पेटी माझ्या नावावर लिहा, पण सांभाळायला म्हणून. आपल्यातल्या कुणालाच ते वाचता येत नाहीत. आधी प्रत्येक कागदाचे नीट फोटो काढू, मग मोडी जाणणाऱ्याला दाखवू. कुणी लॅमिनेशन करून देतो म्हणालं तर करू देऊ नका, एकदा चिकटलेला कागद पुन्हा सुटत नाही.

काळ्या पानांच्या अल्बममधल्या माणसांची नावं मात्र आजच सुरू करा, रोज दोन पानं. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. पेनाची शाई पुढे उमटते. नाव, नातं, आणि आठवलं तर फोटो कुठला. सुरसागर तलावाच्या कठड्यावर बसलेल्या तीन मुलींतली डावीकडची कोण, यावर तुमचं दोघांचं दर वेळी भांडण होतं. दोघांची दोन नावं लिहून ठेवा.

चांदीचं ताट आणि समया दादाला. पुरणयंत्र आईकडेच, ते नव्या घरात लागणार आहे. वहीची शेवटची सात पानं कोरी आहेत. आई, पणजीनंतर तीत कुणी लिहिलेलं नाही. तुझं तिळाच्या वड्यांचं प्रमाण आणि बाबांच्या आवडीची सेव-उसळ तू तिथे तुझ्या हाताने लिही. मी मोबाइलवर टिपून घेतलेलं मला नको.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, शनिवारी सकाळी पोचेन. स्टेशनवर यायची गरज नाही, रिक्षा करीन. घोडियं माळ्यावरून मी आल्यावर काढू. बाबा, तुम्ही स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
छोटी