कैद्याच्या पुस्तकांचा हक्क

मा. संपादक,

माझा धाकटा भाऊ कच्चा कैदी आहे, म्हणजे त्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची त्याची पुस्तकं तुरुंगाच्या फाटकावरूनच परत आली. कारण लेखी मागितलं, तेही मिळालं नाही.

मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना प्रभाकर संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. ते उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये फेटाळलं. सरकारला खटल्याविना डांबता येई असा भारत संरक्षण नियमांचा तो काळ, तरीही!

हा निकाल प्रत्येक तुरुंगात मराठीत लावावा. कोठडीतल्या माणसाला १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने सरकारी खर्चाने वकील मिळतो, तुरुंगातूनही रिट अर्ज, म्हणजे हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात दाद मागणारा अर्ज, करता येतो, हे माझ्या भावाला कुणीही सांगितलं नव्हतं. आता आम्ही तो अर्ज करत आहोत.

– एका कच्च्या कैद्याची बहीण, सातारा