बापूस पत्र: खोल पाण्याचं तुझं म्हणणं

बडोदे, १२ डिसेंबर

प्रिय बापू,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. इकडे सगळं ठीक. साखर थोडी वर असते, बाकी तक्रार नाही. पण हे पत्र आज लिहायलाच हवं. रविवारी मी तुझी चोरी केली, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही.

आपल्या वाचनालयात ७ डिसेंबरला मला बोलायला बोलावलं होतं. ४१ सालचा, अमेरिकेच्या आरमारी तळावरचा जपानचा पर्ल हार्बरचा हल्ला आणखी यशस्वी झाला असता तर, हा विषय. तीस-चाळीस माणसं आली होती. मी उभा राहिलो आणि तुझं म्हणणं मांडलं. अख्खंच्या अख्खं. टाळ्या पडल्या, आणि तुझं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

आठवतं ना, ७१ चा डिसेंबर? ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, आणि आपण सूरसागर तलावाच्या कठड्यावर अंधारात भांडत बसलेलो. मी म्हणायचो, जपानी ताफ्याच्या नागुमोने विमानांची तिसरी लाट पाठवायला हवी होती. दोन लाटांत साडेतीनशेच्या वर विमानं नेली, गमावली अवघी २९. समोर टाक्यांत ४५ लाख बॅरल तेल, ते जाळलं असतं तर अमेरिकेचा ताफा कॅलिफोर्नियाला पळाला असता. त्यात आपल्या मिसाइल बोटींनी कराचीला केमारीच्या टाक्या पेटवल्या, मग तर मी तुला बोलूच दिलं नाही. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. शेवटी बाळ्याने शेवउसळ खायला घालून मिटवलं, आणि त्या उसळीचे पैसे तो त्याच्या लग्नापर्यंत आपल्याकडे मागत होता!

तुझं म्हणणं एवढंच होतं: टाक्या सोड, पाण्याची खोली बघ. बंदरात पाणी जेमतेम १२ मीटर. जहाज बुडलं म्हणजे तळावर बसलं. आठ युद्धनौकांपैकी ॲरिझोना आणि ओक्लाहोमा कायमच्या गेल्या, बाकी सहा दुरुस्त होऊन लढायला परत आल्या. वेस्ट व्हर्जिनिया चिखलातून काढली आणि ४४ च्या ऑक्टोबरात सुरिगावच्या सामुद्रधुनीत तिने जपान्यांवर तोफा डागल्या. तिथल्या अमेरिकन ताफ्याचा प्रमुख किमेल, त्याला एक दिवस आधी सुगावा लागता तर तो ताफा घेऊन बाहेर पडला असता, २१ नॉटची जुनी जहाजं घेऊन, सहा विमानवाहू जहाजांच्या तोंडी. मग जहाजंही खोल पाण्यात आणि खलाशीही. तिसऱ्याच दिवशी मलायाजवळ प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या ब्रिटिश जहाजांचं तेच झालं. म्हणजे हल्ला जास्त यशस्वी व्हायला जपान्यांनी काही जास्त करायची गरजच नव्हती, अमेरिकेला थोडं आधी कळलं असतं तरी पुरे होतं. सोळा वर्षांच्या पोराला हे सुचलं होतं, बापू. किमेलनंतर तो ताफा सांभाळणाऱ्या निमित्झनेही हेच बोलून दाखवलं होतं.

आणि हे मला केव्हा पटलं सांगू? टँकफार्मवर, म्हणजे तेलाच्या टाक्यांच्या आवारात, नोकरीला लागलो त्या पहिल्या हिवाळ्यात. पहाटे शिडीने टाकीवर चढून तेलाची पातळी मोजायची डिप टेप सोडली. वर ओढली तर तिला काळा थर, बोटावर घेतला तर गुळाच्या पाकासारखी तार. स्टीम कॉइल चालू करून तेल तापवेपर्यंत पंप ते उचलेना. जहाजाच्या बॉयलरचं तेल याच जातीचं. पेटत नाही असं नाही, पण पेट्रोलसारखं भडकत नाही, आणि टाकी फुटली तरी बरंचसं भोवतीच्या डाइकमध्ये, म्हणजे बांधात, साचून राहतं. म्हणजे माझी तिसरी लाट तिथेच अर्धी विझली. त्या दिवशी तुला लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, आणि मग लिहायचं राहूनच गेलं.

पण झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतली एक कॉलेजातली मुलगी उठली. म्हणाली, "काका, मग आपलं काय झालं असतं?" मी म्हटलं, काही नाही, जपानकडे लंका घ्यायलाही सैन्य मोकळं नव्हतं. लोक उठले, चहा आला. घरी आलो आणि रात्रभर छताकडे बघत पडलो. कारण ते उत्तर अर्धंच होतं.

तूच बघ. अमेरिकेची विमानवाहू एंटरप्राइज त्या दिवशी खराब हवेमुळे बंदरात उशिरा पोचली म्हणून वाचली. ती गेली असती तर पुढे ४२ च्या जूनमध्ये अमेरिकेने जिंकलेल्या मिडवेच्या लढाईचं गणित बिघडलं असतं, आणि नागुमोला परत जायची घाई उरली नसती. ४२ च्या एप्रिलात तो हिंदी महासागरात आला, कोलंबो-त्रिंकोमालीवर बॉम्ब टाकले, ब्रिटिशांची विमानवाहू हर्मिस बुडवली, आणि निघून गेला. त्याच आठवड्यात दुसऱ्या जपानी ताफ्याच्या ओझावाने बंगालच्या उपसागरात वीसहून जास्त व्यापारी जहाजं बुडवली, विशाखापट्टण-काकीनाड्यावर बॉम्ब पडले. हे थोडे दिवस होतं. वर्षभर चाललं असतं तर? ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झालेलाच होता, बंगालच्या किनाऱ्यावरच्या नावा सरकारने काढून घेतलेल्या होत्या, तरी ४३ मध्ये लाखो माणसं उपाशी मेली. समुद्र आणखी बंद राहिला असता तर तो आकडा कुठे गेला असता? एसेक्स जातीची नवी विमानवाहू जहाजं येऊन अमेरिका जिंकलीच असती, हे मलाही मान्य. पण ती येईपर्यंत? बापू, आपण वहीत जहाजं मोजली, टनेज मोजलं. तांदूळ एकदाही मोजला नाही. त्या पोरीला मी "काही नाही" म्हणालो, ते मला फार लागलंय.

की मी जास्त ताणतोय? आफ्रिकेहून येणारी मदत, अरबी समुद्र, इराणातल्या आबादानचं तेल, याचा हिशोब मला एकट्याला लागत नाही. तुला लागेल.

वहिनींचा गुडघा कसा आहे? नातीची दहावी ना यंदा? ताईला नमस्कार सांग. लीलो चेवडो कुरियरने वेगळा पाठवतो.

सोबत आपली वही पाठवतोय, माळ्यावर सापडली. कोपरे कसरीने खाल्लेत, पण लिहिलेल्या शेवटच्या पानावर बंदराचा नकाशा शाबूत आहे आणि त्यावर तुझ्या अक्षरात "खोल पाणी", खाली दोन रेघा. नंतरची पानं कोरी आहेत, त्यात तांदळाचं लिही. फोन करू नकोस, फोनवर आपण भांडतो. वही परत आली की वाचनालयात पुन्हा उभा राहीन आणि आधी तुझं नाव घेईन. ती मुलगी दर रविवारी पुस्तक बदलायला येते.

तुझा,
नाना