माळावरच्या सहा फेऱ्या

सातारा,
9 डिसेंबर 2024

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल मी मोटारसायकलची मातीतली शर्यत पूर्ण केली. अठरा जणांत बारावा आलो. डावा गुडघा खरचटला आहे, गाडीच्या क्लचचा दांडा वाकला आहे, बाकी आम्ही दोघेही धडधाकट आहोत. एवढे फोनवरही सांगता आले असते, पण सारे तुला सविस्तर कळावे म्हणून आज रजा टाकून सकाळपासून लिहायला बसलो आहे. बोटांत अजून पेन नीट टिकत नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

याची सुरुवात जानेवारीत बालेवाडीला झाली, हे तुला ठाऊक आहे. क्रीडासंकुलात माती आणून रचलेल्या त्या उंचवट्यांवरून 450 आणि 250 सीसीच्या गाड्या घेऊन परदेशी स्वार आपल्या डोक्यापेक्षा कितीतरी वर झेपावत होते आणि तू माझा दंड धरून म्हणाला होतास, ‘‘त्यांचे हात बघ, गाडी बघू नकोस.’’ त्याच महिन्यात आपल्या हरिथ नोआने डकार या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या रॅलीत रॅली 2 हा गट जिंकला होता. 2015 साली सी. एस. संतोष डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, त्या रात्री तू मला झोपेतून उठवून ती बातमी सांगितली होतीस. आपण दोघे या खेळाच्या इतके जवळ वाढलो आणि तरी प्रत्यक्ष उतरलो नाही, ही टोचणी बालेवाडीहून परतताना खंबाटकी ओलांडेपर्यंत मला सुटली नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी हे सुरू करावे की नाही, याचा विचार मी महिनाभर केला. घरी बोललो, डॉक्टरांना भेटलो आणि मगच ठरवले.

गाडी माझी रोजचीच, एक्सपल्स 200. पुढचे चाक 21 इंची, मागचे 18 इंची, पोटाखाली जमिनीपासून 220 मिलिमीटर मोकळी जागा, पुढचा शॉकअप 190 आणि मागचा 170 मिलिमीटर दबतो. एवढ्यात नवख्याचे भागते. मोठी किट बसवण्याचा मोह मी टाळला, कारण चुका गाडीच्या आहेत की माझ्या हे मला स्वच्छ कळायला हवे होते. फक्त गुट्ट्यांचे टायर आणि स्पंजचा एअर फिल्टर घातला, हँडल थोडे उंच केले आणि गणपतीनंतर दर रविवारी पहाटे गावाबाहेरच्या मुरमाच्या खाणीत जाऊन उभ्याने गाडी चालवण्याचा सराव केला. सुरुवातीला दहा मिनिटांत मांड्या थरथरत असत. दिवाळीपर्यंत अर्धा तास निघू लागला.

शर्यत फलटणच्या पलीकडे एका माळावर होती. गाडी छोट्या टेम्पोतून नेली. सकाळी सात वाजता स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची आणि स्वाराच्या सामानाची तपासणी. आरसे आणि नंबरप्लेट काढलेली, दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी, साइड स्टँड तारेने बांधलेला, हेल्मेटवर रक्तगट लिहिलेला. तपासणाऱ्याने किल स्विच दोनदा दाबून इंजिन बंद होते याची खात्री केली, ब्रेक पाहिले, छातीचे आणि पाठीचे कवच बोटांनी ठोकून पाहिले. त्यांच्या त्या गंभीरपणाने मला फार धीर आला. आपल्या जिवाची काळजी एवढ्या बारकाईने घेणारा माणूस अनोळखी असला तरी जवळचा वाटतो.

त्यानंतर ट्रॅक पायी पाहायला अर्धा तास मिळाला. सुमारे अडीच किलोमीटरची फेरी, अशा सहा. काही जण जेमतेम अर्ध्यापर्यंत जाऊन परतले. मी पूर्ण चाललो, आणि तो अर्धा तास दिवसभर कामी आला. पहिला भाग कोरड्या मुरमाचा, वरून खडी भुरभुरलेली, म्हणजे ब्रेक पुढचा लावला की चाक घसरणार. मग ओढ्याची कोरडी वाळू. मग ज्याला हे लोक व्हूप्स म्हणतात तो पट्टा, आणि तो पाहताक्षणी मला आपल्याकडचे उसाचे रान आठवले: अगदी सरी-वरंबा, एकामागून एक चौदा वरंबे, फरक एवढाच की ते गाडीच्या वाटेत आडवे. शेवटी काळ्या मातीचे उजवे वळण. धूळ बसावी म्हणून टँकरने तिथे नको इतके पाणी मारले होते आणि सरावाच्या फेऱ्यांनी त्यात वीतभर खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. मी गुडघ्यांवर बसून त्या चाकोरीत हात घातला. कडा वरून वाळल्या होत्या, तळ लोण्यासारखा मऊ होता. इथे काहीतरी होणार, हे तेव्हाच मनात आले.

सुरुवातीबद्दल फार लिहीत नाही. झेंडा पडला, अठरा गाड्यांनी मिळून माळ उचलला आणि पहिल्या वळणापर्यंत मला पुढच्या गाडीच्या मडगार्डाखेरीज काही दिसले नाही. गॉगलच्या आतही माती आली होती, दातांत तर करकरत होती.

खरी परीक्षा तिसऱ्या फेरीत आली. माझे हात बंद पडले. याला आर्म पंप म्हणतात. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू एका घट्ट आवरणात असतात; हँडल सतत आवळून धरले की त्यांत रक्त भरत जाते, पण तितक्या वेगाने बाहेर पडत नाही, आणि हात लाकडासारखा कडक होतो. दुखण्याचे काही नाही, दुखणे सोसता येते. बोटे ऐकेनाशी होतात, ते भयंकर असते. व्हूप्सच्या तोंडाशी मला क्लचवरची दोन बोटे वळवता येईनात. थ्रॉटल सोडावा तर पुढचे चाक वरंब्यात रुतणार, धरावा तर गाडी आवरणार नाही.

त्या क्षणी मला तू आठवलास, हे मी सजवून लिहीत नाही. आपल्या हॉस्टेलमागचा मुरमाचा रस्ता, तुझ्या काकांची आरएक्स 100, तिसऱ्यांदा पडून मी रडकुंडीला आलेलो आणि तू शांतपणे म्हणालास, ‘‘गाडी गुडघ्यांनी धरायची, हातांनी तिला फक्त सांगायचे.’’ मला हे वाक्य वीस वर्षे पाठ होते, पण त्याचा अर्थ हातांपर्यंत काल पोचला. मी टाकी गुडघ्यांत आवळली, कंबर मागे नेली, मुठी सैल केल्या आणि थ्रॉटल होता तिथेच ठेवला. गाडी माझ्याखाली वरंब्यावरून वरंब्यावर डुलत गेली, हँडल हातांत डावी-उजवीकडे खेळत राहिले आणि मी त्याला खेळू दिले. चौदाव्या वरंब्यानंतर मी श्वास सोडला तेव्हा कळले की तो मी रोखून धरला होता. बालेवाडीला तू हात बघ का म्हणत होतास, हेही तेव्हाच उमगले.

पडलो तो चौथ्या फेरीत, त्या काळ्या मातीतच. चाकोरीत शिरल्यावर नजर चाकोरीच्या शेवटी ठेवायची असते, हे मला माहीत होते, पण पुढच्याची गाडी तिरपी झालेली दिसली आणि नजर खाली चाकाकडे गेली. जिथे नजर तिथे चाक. पुढचे चाक कडेवर चढले आणि मी डावीकडे अलगद आडवा झालो, गाडी पायावर. बूट चांगले घेतले होते म्हणून घोटा वाचला. तुझाच आग्रह होता की आधी बूट आणि हेल्मेट, मग टायर. गाडी उचलायला दोन वेळा जोर लावावा लागला, सेल्फने एका दमात घेतली, आणि तोवर तिघे पुढे गेले होते.

आणखी एक प्रसंग सांगायचा राहिला, आणि त्यावर तुझे मत मला हवे आहे. पाचव्या फेरीत मोठ्या उंचवट्याच्या अलीकडे मार्शल पिवळा झेंडा जोरजोराने हलवत होता. उंचवट्यापलीकडे काय आहे ते उडी मारणाऱ्याला दिसत नाही, म्हणूनच तो झेंडा: वेग कमी, उडी नाही, ओलांडणे नाही. मी चाके जमिनीला धरून सावकाश वर गेलो. पलीकडे एक विशी-बाविशीचा मुलगा वाटेतच बसला होता, त्याची गाडी त्याच्याजवळ पडून. मी उडी मारली असती तर नेमका त्याच्यावर उतरलो असतो. माझ्यामागचे दोघे मात्र त्याच झेंड्याखालून मला ओलांडून गेले, आणि निकालात ते दोघे माझ्या वर आहेत. तक्रार करावी असे एका सोबत्याने सुचवले. मी केली नाही. आता वाटते, करायला हवी होती, जागेसाठी नव्हे तर त्या मुलासाठी. तुला काय वाटते ते मोकळेपणाने लिही. मुलगा ठीक आहे, खांद्याला पट्टा बांधून बक्षीससमारंभात पुढे बसला होता.

शेवटच्या फेरीत मी एकटाच होतो, पुढे धूळ नाही, मागे आवाज नाही. ओढ्याच्या वाळूत थ्रॉटल उघडा ठेवून वजन मागे टाकले की पुढचे चाक कसे हलके होऊन वर तरंगते, हे मला पहिल्यांदा नीट जाणवले, आणि खरे सांगतो, डोळ्यांत पाणी आले. चौकटीचा झेंडा पाहिल्यावर मी हेल्मेट काढले नाही. थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

आता मागच्या अंगणात गाडीचा एअर फिल्टर रॉकेलमध्ये भिजत ठेवला आहे. एवढ्या एका स्पंजातून तांबडी, पांढरी आणि काळी अशी तीन थरांची माती निघाली, सगळा ट्रॅक त्यात ओळखू येतो. तो वाळला की तेल लावून बसवायचा, क्लचचा दांडा बदलायचा, चेन धुवायची.

फेब्रुवारीत त्याच माळावर पुन्हा शर्यत आहे. नावनोंदणीचे दोन अर्ज मी आणले आहेत, त्यातला एक या पत्रासोबत पाठवतो आहे. नागपूरहून गाडी आणणे अवघड वाटत असेल तर माझीच वापर, आपले गट वेगळे लागतील. वहिनींशी बोलून कळव. पंधरा जानेवारीच्या आत अर्ज पोचायला हवा, आणि रक्तगटाचा दाखला जोडायला विसरू नकोस.

तुझाच,
मित्र