टॅपेटचा आवाज मारू नका, इंजिन गार असताना माप घ्या

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

चैत्र लागला की आमच्या चोपडा तालुक्यातल्या गॅरेजांवर एकच तक्रार घेऊन मोटारसायकली येतात, ‘गाडी ओढत नाही.’ आधी सप्तशृंगी गडाची यात्रा, मग आखाजी, मग लग्नसराई, सगळं भर उन्हात. नांदुरीच्या घाटात एरवी दुसऱ्या गिअरवर चढणारी गाडी पहिल्यावर आणावी लागते. केळीच्या बागेकडे खताची गोणी घेऊन निघालेली गाडी नाल्याच्या चढालाच दम टाकते. आणि त्याच गाड्यांची हिवाळ्यातली तक्रार वेगळी असते. ‘भाऊ, आवाज येस, तेवढा बंद करी दे.’ या दोन तक्रारींचा एकमेकींशी फार जवळचा संबंध आहे आणि त्यापायी आपल्या भागात दर उन्हाळ्यात कितीतरी इंजिनं विनाकारण उघडली जातात. माझं सगळं आयुष्य याच कामात गेलं आहे, म्हणून हे पत्र.

इंजिनाच्या वरच्या बाजूने येणारी बारीक, एका लयीतली टिकटिक बहुतेक वेळा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणाऱ्या स्क्रूची असते. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनात वायू आत घेणारी आणि बाहेर सोडणारी झडप. व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात कंपनीने मुद्दाम केसाएवढी फट ठेवलेली असते. 100 ते 125 सीसीच्या गाड्यांत ती साधारण 0.05 ते 0.12 मिलिमीटर असते आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. फट आहे म्हटल्यावर थोडा आवाज येणारच. इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह त्या मिनिटात 2500 वेळा उघडतो आणि मिटतो. एवढी उघडझाप अगदी मुकाट्याने होत नाही. फट वाढली की टिकटिक वाढते, तेव्हा ती मापात आणली पाहिजे, यात वाद नाही.

पण गिऱ्हाइकाला आवाज अजिबात नको असतो. तो चहा घेत शेजारीच उभा असतो, त्याला बाजार गाठायचा असतो. मग फिटर तापलेल्या इंजिनाचीच टॅपेट कव्हरं उघडतो, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) न घेता नुसत्या हाताच्या अंदाजाने स्क्रू आवळतो आणि आवाज थांबला की नट कसतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातो. व्हॉल्व्ह मात्र त्या दिवसापासून पुरता मिटत नाही.

यातला धोका एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला जास्त. जळालेला वायू त्याच्यावरूनच बाहेर पडतो आणि तो सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, टेकून मिटलेला असतो तेवढ्या वेळातच आपली बरीचशी उष्णता हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, देऊ शकतो. स्क्रू आवळल्यामुळे तो टेकलाच नाही तर उष्णता जायला वाटच राहत नाही, आणि वरून तापलेला वायू त्याच फटीतून शिरत राहतो. व्हॉल्व्हची कड जळते, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतं आणि गाडी ओढायची थांबते. नुसत्या वापरानेही व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू बसत जातो आणि फट आपोआप कमी होते. म्हणून जुन्या गाडीची टिकटिक काही न करता बंद झाली तर ‘गाडी आता सेट झाली’ म्हणून समाधान मानू नये. टॅपेट लगेच तपासून घ्यावेत.

गेल्या उन्हाळ्यात अडावदकडचा एक दूधवाला माझ्याकडे आला. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये ब्लॉक-पिस्टन नवीन टाकून आणला होता. बिल खिशात, आणि गाडी तशीच, दोन केटल्या लावल्या की चढावर बंद. किक मारली तर पाय सरळ खाली गेला, काही अडलंच नाही. हेड उतरवलं, उलटं धरलं आणि त्याच्या खोलगट भागात थोडं पेट्रोल ओतलं. इनटेकच्या, म्हणजे वायू आत येण्याच्या, बाजूने थेंब नाही, एक्झॉस्टच्या भोकातून मात्र धार लागली. व्हॉल्व्ह काढून त्याच्या तळहातावर ठेवला. कड एका जागी नखाएवढी खाल्लेली, भोवती पांढुरका डाग. तो बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिला. ब्लॉक-पिस्टनला गेलेले पैसे त्याच्या दुधाच्या हिशेबातून गेले होते आणि त्या जुन्या ब्लॉकमध्ये काही दोष होता की नाही, हेही त्याला कोणी दाखवलं नव्हतं. मला राग येतो तो इथे. इंजिन उघडण्याआधी दहा मिनिटांची तपासणी होते आणि ती आपल्याकडे बहुतेक जण करत नाहीत.

ती तपासणी इंजिनाच्या बाहेरच सुरू होते. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक चिकटत असेल किंवा चेन फार ताणलेली असेल तर गाडी ओढत नाही आणि दोष इंजिनावर येतो. रेस वाढते पण गाडी त्या मानाने पळत नाही, असं असेल तर क्लच प्लेट बघा. कारचं ऑइल टाकल्यानेही क्लच घसरू शकतो, कारण मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-टू लिहिलेलंच ऑइल घ्यावं. एअर फिल्टर तर आपल्या शेतरस्त्यांच्या धुळीत महिन्याभरात चोंदतो. एवढं सगळं ठीक निघालं की मग प्लग काढून कॉम्प्रेशन तपासा. ते कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा आणि ब्लॉककडे संशय जातो, काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्हकडे. त्या दूधवाल्याचे पैसे वाचवायला हे एक चमचा ऑइल पुरलं असतं.

आवाजांचंही तसंच. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आवाज वरून येतो की खालून, ते कळतं. टायमिंग चेनची खळखळ एका बाजूने येते. घाटात मोठ्या गिअरवर रेस दिली की येणारी खणखण इंधन अवेळी पेटल्याची असते, गिअर उतरवला की बहुधा थांबते. खालून जड ठकठक येत असेल तर गाडी तिथेच बंद करा आणि टेम्पोत घालून आणा, कारण कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. पुढे चालवाल तर खर्च कितीतरी वाढेल. हल्ली सगळा दोष इथेनॉलच्या पेट्रोलवर ढकलायची पद्धत पडली आहे. 20 टक्के इथेनॉलने ॲव्हरेज काहीसं कमी होतं हे खरं, पण किक हलकी लागत असेल तर कारण पेट्रोलमध्ये शोधू नये.

आता मुख्य मागणी. टॅपेटचं माप गार इंजिनावरच घ्यायचं असतं. कंपन्यांच्या दुरुस्ती पुस्तकांत त्यासाठी 35 अंशांखालचं तापमान दिलेलं आढळतं. वैशाखात चोपडा, भुसावळ, जळगावला सकाळी दहा-अकरा वाजताच सावलीतला पारा 35 च्या वर असतो, मग धावून आलेल्या गाडीचं काय सांगायचं! म्हणून वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की टॅपेटचं काम असेल तर गाडी रात्री गॅरेजवर सोडा आणि फिटरला सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ते करायला सांगा. चुंबकाच्या कव्हरमधल्या खिडकीतून पिस्टन पार वर आल्याची ‘टी’ची खूण जुळवून, दोन्ही रॉकर सैल आहेत हे बघून, फीलर गेजने माप घेतलं जातंय ना, ते शेजारी उभं राहून बघा. इंजिन उघडायचं ठरलंच तर कॉम्प्रेशन किती भरलं ते आधी विचारा आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्या.

फिटर भावांनीही गिऱ्हाइकाच्या घाईला बळी पडू नये. फीलर गेज महाग नाही. ‘थोडी टिकटिक राहील, ती राहू द्या’ हे तोंडावर सांगायची हिंमत ठेवावी. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती मला माहीत आहे, पण जळालेल्या व्हॉल्व्हची गाडी घेऊन तोच माणूस उन्हाळ्यात परत दारात येतो.

आणि दुचाकी कंपन्यांच्या वितरकांना एक विनंती. मोफत तपासणी शिबिरं आमच्याकडे भर दुपारी लागतात, त्यात टॅपेटचं माप घेऊन काही उपयोग नाही. शिबिर सकाळी सहाला ठेवा आणि गाड्या आदल्या संध्याकाळी जमा करून घ्या. खतपाण्याला जाणारा शेतकरी त्या वेळेला उठलेलाच असतो.

आपला,
एक मोटारसायकल मेकॅनिक
चोपडा, जि. जळगाव