परतीचा पाऊस

ओशिदोमारी, रिशिरी बेट
२७ जून, रात्री साडेआठ

प्रिय दिग्या,

आधी वाईट बातमी देतो, म्हणजे तुझ्यासाठी चांगली. काल पहाटे मी एका डोंगराच्या नवव्या टप्प्यावरून परत फिरलो. उणीपुरी तीनशे मीटर उंची उरली होती, तासाभराचं काम. तरी फिरलो. हस आता. पोटभर हसून झालं की पुढं वाच. फोनवर सांगितलं असतं तर तू स्पीकर लावून अख्खं घर गोळा केलं असतंस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. तंबूत पालथा पडून लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

रिशिरी कुठं, ते आधी सांगतो. जपानचा नकाशा घे. होक्काइदोच्या अगदी वरच्या टोकाला वाक्कानाइ गाव, आणि त्याच्या डावीकडं समुद्रात दोन ठिपके. त्यातला गोल ठिपका तो रिशिरी. खरं तर ते बेट नाहीच, समुद्रातून वर आलेला एकच ज्वालामुखी आहे. कडेनं जेमतेम चार घरांपुरती सपाटी, बाकी सगळा डोंगर. ऐनू लोकांच्या भाषेत 'रि' म्हणजे उंच आणि 'शिर' म्हणजे जमीन, त्यावरून हे नाव पडलं. उंची १७२१ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा ७५ मीटर जास्त, आणि मोजायची सुरुवात थेट लाटेपासून!

टोकियोतल्या निशी-कासाईच्या खोलीतून सायकल पिशवीत कोंबून निघालो, होक्काइदोतल्या ओतारूला उघडली आणि पश्चिम किनारा धरून उत्तरेला लागलो. पाच दिवस, साधारण पावणेचारशे किलोमीटर. पहिल्या तीन दिवसांत सांगण्यासारखं काही नाही, बोगदे आणि ट्रक. पण तेशिओच्या पुढं जो रस्ता आहे ना, तिथं तुझी फार आठवण झाली. वाक्कानाइपर्यंत सुमारे ७० किलोमीटर एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला समुद्र, विजेचा खांबसुद्धा नाही. आणि डाव्या हाताला पाण्यावर हा डोंगर. सकाळी आठला दिसला, दुपारी दोनला तिथंच. समोरून वारा असा की उतारावरही पायडल मारावं लागत होतं. मी गातही होतो आणि शिव्याही देत होतो, दोन्ही एकाच चालीत. त्या दिवशी ठरवलं, याच्या डोक्यावर जायचंच. नुसतं ठरवलं नाही, मनातल्या मनात तुला फोटोही पाठवून झाला होता.

वाक्कानाइहून बोटीनं एक तास चाळीस मिनिटं. बंदरापासून वाटेच्या तोंडाशी असलेल्या होकुरोकूच्या तंबूतळापर्यंत चार किलोमीटरचा चढ, सामानासकट. तिथं एक बाई डोंगराचे नियम समजावून सांगत होत्या. काठीच्या टोकाला रबरी टोपी हवी, म्हणजे माती उकरली जात नाही. झाडोऱ्यावर बसायचं नाही, पाय ठेवायचा नाही. आणि तिसरा नियम ऐकून मी दोनदा विचारलं, मला वाटलं माझं जपानी कच्चं आहे. 'जे काही कराल' ते पिशवीत भरून खाली आणायचं!

हो, तेच. बेटावरच्या दुकानात त्यासाठी पिशव्या मिळतात, आत पाणी शोषणारी पावडर असते. वाटेवर दोन-तीन ठिकाणी लाकडी खोपटी आहेत, आत नुसती बैठक. आपली पिशवी तिच्यावर चढवायची, काम उरकायचं, गाठ मारायची आणि पाठीवर टाकून पुढं चालू लागायचं. खाली उतरल्यावर एक पेटी ठेवलेली असते, तिच्यात टाकायची. मी म्हटलं, आपल्याला काय गरज पडणार? आपण वेळेचे पक्के. पण दिग्या, पहाटे दोनला उठलेल्या पोटाला कुठलं आलंय वेळापत्रक? साडेसहाव्या टप्प्यावर (इथं पायथा ते शिखर असे दहा टप्पे मोजतात, आणि खोपटं बरोबर साडेसहावर आहे, हा हिशेब करणाऱ्याला माझा नमस्कार) मी त्या खोपटात शिरलो. पुढचे पाच-सहा तास ते ओझं माझ्या पाठीवर, डब्याच्या अगदी शेजारी. हरिश्चंद्रगडाच्या गुहेपलीकडं पहाटे बाटल्या घेऊन जाणारी रांग आठवली, आणि त्या रांगेत आपण दोघंही होतो हेही आठवलं. पावसाळ्यात तिथून पाणी कुठं जातं, याचा तेव्हा एकदाही विचार केला नाही. असो, तू जेवत असशील तर माफ कर.

आता पहाटेचं सांगतो. २६ तारखेला दोन वाजता डोक्याला दिवा बांधून निघालो. दहा मिनिटांवर कान्रो-सेन्सुइ नावाचा झरा आहे, शेवटचं पाणी तिथंच. देशातल्या शंभर उत्तम पाण्यांची एक सरकारी यादी १९८५ मध्ये झाली, तिच्यात हा झरा आहे. दोन बाटल्या भरल्या, एक तिथंच प्यालो, दात आंबले. मग फर आणि स्प्रूसचं काळं रान. माझ्याशिवाय कुणी नाही. होक्काइदोत असल्या रानात एकटं जायचं म्हणजे अस्वलाची भीती, सगळे पाठीला घंटी बांधतात. रिशिरीवर मात्र अस्वल नाही, सापही नाही. म्हणजे, नव्हतं. २०१८ साली एक अस्वल मुख्य भूमीवरून तब्बल वीसेक किलोमीटर समुद्र पोहून इथं आलं. १०६ वर्षांत पहिल्यांदा! किनाऱ्यावर पावलं उमटली, बेटभर घबराट पसरली, मग काही आठवड्यांनी पावलं दिसेनाशी झाली. गडी आला तसा पोहत परत गेला असावा, असं लोक मानतात. अंधारात चालताना मला सारखं तेच डोक्यात. एवढं पोहून आला, बघितलं आणि माघारी गेला. त्याला कुणी नाव ठेवलं असेल का?

पावणेचारला सूर्य उगवला. खोटं नाही, पावणेचार. तेव्हा मी सहाव्या टप्प्याच्या जवळ होतो. झाडं बुटकी होत होत कमरेइतक्या सरपटणाऱ्या पाइनवर आली होती, त्यामुळं पाठ वळवली की एकदम सगळं उघडं. खाली ओशिदोमारीचं बंदर, बंदरात काडेपेटीएवढी बोट. पलीकडं रेबुन बेट, तव्यावर टाकलेल्या भाकरीसारखं सपाट. समुद्र अजून काळा होता आणि त्याच्यावर एकच तांबडी रेघ होती. अजिंक्यताऱ्यावरून आपण सूर्य बघायचो तेव्हा तू नेहमी म्हणायचास, "आला एकदाचा, चला आता चहा." तेवढं म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं म्हटलं.

सव्वापाचला चोकानझान. चोकान म्हणजे वरचा सरकारी साहेब, तर हा साहेबाचा डोंगर, १२१८ मीटर. इथं पोचलं की शिखर एकदम समोर ठाकतं, फोटोत सगळ्यांचं तोंड तिथंच उघडं पडलेलं असतं. मी पोचलो तर समोर शिखर नाहीच. पांढरं पागोटं बांधल्यासारखा ढग, आणि तो ढग जागेवर नव्हता, एका बाजूनं तयार होत होता आणि दुसऱ्या बाजूनं फाटत होता. म्हणजे वर वारा केवढा असेल बघ. तरी चाललो. पुढं मुक्कामाचं एक रिकामं खोपट लागलं, त्यापुढं नववा टप्पा. तिथल्या पाटीवर लिहिलंय की खरी कसोटी इथून पुढं.

आणि खोटं नाही लिहिलेलं. तिथून वरचा डोंगर म्हणजे लाल-काळी खडी, नुसता कोळशाचा चुरा. पाऊल टाकलं की अर्धं मागं. वाट पावसानं खचत चाललीय, जागोजाग जाळ्यांत दगड भरून तिला धरून ठेवलंय. खरं सर्वोच्च टोक तर आता बंदच आहे, कडा कोसळतो म्हणून लोक दोन मीटर बुटक्या उत्तर टोकावर जातात, तिथं छोटं देऊळ आहे. मी वीस-पंचवीस पावलं चढलो. वाऱ्यानं पिशवीसकट (दोन्ही पिशव्यांसकट!) मला बाजूला ढकललं. गुडघे पाच दिवसांच्या सायकलीनं आधीच कुरकुरत होते, आणि पायात काय, तर सामान हलकं ठेवायचं म्हणून आणलेले साधे पळायचे बूट.

पाटीशी परत आलो तर एक आजी उभ्या होत्या. सत्तरीच्या असतील, पाठीवर माझ्या दुप्पट सामान. त्यांनी आधी माझे बूट बघितले आणि दातांतून हवा ओढली, 'स्सूऽऽ' अशी. जपानी माणूस याहून जास्त अपमान करत नाही. मग उभ्याउभ्याच भाताचा गोळा खाल्ला, एक मला दिला, आत आंबटढाण उमे फळाचं लोणचं. ढगाकडं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "क्यो वा कोको मादे." आजचं इथवर. आणि वळल्याच. मी विचारलं, पुन्हा येणार का? तर म्हणे, ही तिसरी खेप, यजमान खाली गरम पाण्याच्या कुंडात बसलेत, त्यांना तेवढंच हवं असतं. इथं शंभर डोंगरांची एक प्रसिद्ध यादी आहे, रिटायर झालेले लोक ती पुरी करत फिरतात. रिशिरी त्यातला सगळ्यांत उत्तरेचा. आजींचे ९३ झालेत. सात उरलेत आणि त्यातला हा एक हट्टी.

मी आणखी दहा मिनिटं थांबलो. आणि दिग्या, मला हरिश्चंद्रगडाची नळीची वाट दिसायला लागली. डिसेंबर २००३. त्या घळीतल्या धोंड्यांवर तू मधेच बसलास आणि म्हणालास, "मला आज बरोबर वाटत नाही, मी खाली जातो." बस, एवढंच. कारण नाही, रडणं नाही. आम्ही चौघं वर गेलो, कोकणकड्यावर फोटो काढले, आणि खाली येईपर्यंत तुझं नाव ठेवून झालं होतं: परतीचा पाऊस. वीस वर्षं वापरलं आम्ही ते. तुझ्या लग्नात पंगतीत ओरडलो, तुझ्या सासऱ्यांनी अर्थ विचारला तेव्हा मीच मीठमसाला लावून सांगितला. त्या दिवशी तू एकटा पायथ्याच्या बेलपाड्यापर्यंत तीन तास उतरलास, हे मला काल पहिल्यांदा सुचलं. आम्हाला वर जायला चार जणांची सोबत होती. तुला खाली जायला कुणी नव्हतं, आणि आमच्यापैकी एकानंही "मी येतो" म्हटलं नाही. मी तर नाहीच. मला घाई होती.

तर मी फिरलो. उतरताना आजींना गाठलं आणि त्यांच्यामागून चाललो. दहाला खाली, पिशवी पेटीत टाकली, हात तीनदा धुतले, आणि तंबूत शिरून मेल्यासारखा झोपलो. दीडला जाग आली तर बाहेर लख्ख ऊन, डोंगर डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ, ढगाची चिंधी नाही. मी त्याला जे बोललो ते लिहीत नाही, पत्र काकूंच्या हाती लागलं तर?

आज पुन्हा चढायला पोटऱ्यांनी नकार दिला, उद्या सकाळची बोट आहे आणि सोमवारी ऑफिस. मग सायकल काढली आणि बेटाला फेरी मारली, पंचावन्न-साठ किलोमीटर. पूर्वेकडून दक्षिणेला निघालं की डोंगर पूर्ण वेळ उजव्या हाताला राहतो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की ही तर रीतसर प्रदक्षिणा चाललीय. पायरीचं दर्शन झालं, कळस राहिला, प्रदक्षिणा पदरात.

सकाळी सहाला किनाऱ्यालगत छोट्या होड्या होत्या. होडीत एकेकटा माणूस ओणवा, तळाला काच लावलेली पेटी पाण्यावर टेकवून खाली बघतोय आणि हातातल्या लांब काठीनं काहीतरी टिपतोय. ते समुद्री अर्चिन, काटेरी गोळे. इथला सगळ्यांत भारी प्रकार 'बाफुन'. बाफुन म्हणजे घोड्याची लीद, दिसायला तसा म्हणून! आतला नारिंगी गर भातावर घालून देतात, किंमत ऐकून मी मेनूकार्ड मिटलं होतं, पण परत फिरलेल्या माणसाला सांत्वन लागतं. खाल्ला. गोड लागतो, लोण्यासारखा. तो गोळा इथला कोंबू खाऊन वाढतो म्हणून. कोंबू ही समुद्री वनस्पती, क्योतोच्या स्वयंपाकघरांत रिशिरीच्या कोंबूला मान आहे, पूर्वी जहाजांनी जायचा. घराघरासमोर गोट्यांची अंगणं झाडून तयार आहेत, काढणी सुरू झाली की तिथं वाळत घालतील.

नोझुकाला एक स्मारक लागलं. १८४८ मध्ये जपानचे दरवाजे परक्यांना बंद असताना रॅनल्ड मॅकडोनाल्ड नावाचा चोवीस वर्षांचा अमेरिकन देवमासे मारणाऱ्या जहाजावरून मुद्दाम लहान होडीत उतरला आणि बुडता बुडता वाचल्याचं सोंग करून या बेटाला लागला. त्याला धरून नागासाकीला नेलं, आणि कोठडीतून त्यानं चौदा दुभाष्यांना इंग्रजी शिकवलं. आपल्या इंग्रजीच्या सरांना आपण कोंडलं नाही, एवढंच.

ओतातोमारीच्या तळ्यावर तासभर बसलो. तळ्यात डोंगर उलटा पडला होता. नववा टप्पा कुठं असेल ते बोटानं शोधत बसलो. खालून बघताना त्याच्यावर फार उरलेलं दिसत नाही रे.

काकूंसाठी कोंबूचं पाकीट पाठवतोय. शाकाहारी आहे असं शपथेवर सांग, पण आमटीत घालू देऊ नकोस, नुसत्या गरम पाण्यात भिजवून सार करायचं. डिसेंबरात पंधरा दिवस येतोय. बेलपाड्यापर्यंत गाडी तू चालव. घळीत किती वर जायचं ते तूच ठरव, फिरलास तर या वेळी मी बरोबर येतो.

तुझा,
सुध्या

ता. क. पिशवीचं वहिनींना सांगू नकोस. सांगशीलच, पण जेवणं उरकल्यावर.