लवकर डिस्चार्ज म्हणजे सनदेला नकार नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बीड, लातूर, धाराशिवकडच्या गावांत पोरगा 15 वर्षांची नोकरी पुरी होण्याआधी फौजेतून परतला की ‘काढून टाकला’ असा बोभाटा होतो. त्याने एलएलबीचं नाव काढलं की ‘आता तुला वकिलीची सनद कोण देणार?’ म्हणून ऐकवतात. या समजुतीपायी चांगली मुलं वकिलीची वाट सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

आधी डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारी सेवेच्या नोंदींची पुस्तिका, उघडून ‘कॉज ऑफ डिस्चार्ज’ची (सोडण्याच्या कारणाची) ओळ वाचावी. घरच्या अडचणीमुळे स्वतः अर्ज केला, मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं, अगदी चार रेड इंक एंट्री (शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी) झाल्या म्हणून सोडलं, तरी तो डिस्चार्जच, बडतर्फी नव्हे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 चं कलम 24अ आड येतं ते मुख्यतः नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, किंवा तशा आरोपावरून नोकरीतून बडतर्फ केलं तर. चोरी, अफरातफर त्यात येते. रजा संपल्यावर उशिरा हजर होणं सहसा येत नाही. आणि आलं तरी तुरुंगातून सुटकेपासून किंवा बडतर्फीपासून 2 वर्षं उलटली की ही अपात्रता संपते.

खरी ठेच लागते पदवीला. दहावीवर भरती झालेले कित्येक जण नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून बीए करतात. बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या नुसत्या पूर्वतयारी अभ्यासक्रमावर घेतलेली ती पदवी बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत तीन वर्षांच्या एलएलबीला चालत नाही. बारावीनंतर घेतलेली चालते. गुण मात्र खुल्या वर्गाला 45, ओबीसींना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के हवेत. हे आधी न तपासल्याने सीईटी निघूनही कागदपत्रांच्या पडताळणीत प्रवेश अडकतो. फौजेतल्या 15 वर्षांच्या सेवेवर मिळणारं पदवी-समकक्ष प्रमाणपत्रही सरकारी नोकरीपुरतंच आहे, लॉ कॉलेजात त्याचा उपयोग नाही.

सनदेच्या अर्जात फौजेची नोकरी लपवू नये. महत्त्वाची माहिती दडवून घेतलेली सनद कलम 26 खाली पुढेही रद्द होऊ शकते. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला आजच लिहावं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला. सनदेसाठी नोंदणी शुल्क 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालानंतर त्याहून जास्त मागता येत नाही.

– एक वकील, अंबाजोगाई